माणसाने अजून किती चिवट व्हायचं?

अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या ब्लॅक माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाला २५ मे २०२० ला, त्यानंतर दोनेक आठवड्यांनी आमच्या कंपनीत एक ऑनलाइन मीटिंग ठेवली होती आणि विषय होता रेझिलियन्स, म्हणजे चिवटपणा. मी तेव्हा न्यू जर्सीत एका मोठ्या कंपनीत होते. आमच्या टीममध्ये एकच ब्लॅक बाई, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, तिला मॅनेजरने आदल्या दिवशी विचारलं की तू तुझा अनुभव सांगशील का सगळ्यांना. तिने सांगितला. मुलाला गाडी शिकवताना पहिला धडा तिने गिअर ब्रेकचा दिला नव्हता, पोलिसाने थांबवलं तर दोन्ही हात स्टीअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि लायसन्स काढायच्या आधी "मी आता खिशात हात घालतोय" असं मोठ्याने सांगायचं, हा धडा आधी दिला होता, आणि तो मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. ती बोलत असताना चॅटमध्ये हार्ट आणि टाळ्या भराभर वर जात होत्या, "सो इन्स्पायरिंग", "व्हॉट स्ट्रेंग्थ". मीपण टाकलं काहीतरी तसलंच. मीटिंग संपल्यावर तिचा मला मेसेज आला, दोनच शब्द, दमलेय मी.

आता यातली जी गोष्ट मला तेव्हा डोळ्यासमोर असून दिसली नाही ती अशी, की याच बाईचं प्रमोशन तीन वर्षांपूर्वी अडलं होतं आणि ज्या पोराला तिने हाताला धरून काम शिकवलं तो तिचा बॉस झाला होता. मीटिंगमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांना हे माहीत होतं. पण त्या तासाभरात प्रश्न एकच होता, तू हे सगळं सहन कसं करतेस. आपल्या कंपनीमुळे तुला काय काय सहन करावं लागतं हे कोणीच विचारलं नाही, आणि मला आज असं ठाम वाटतं की कंपनी सामाजिकदृष्ट्या जबाबदार आहे की नाही हे ठरवायचं असेल तर त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बघावं. कंपनीने किती चिवट माणसं गोळा केली किंवा त्यांना चिवट व्हायचं किती ट्रेनिंग दिलं याला फारसा अर्थ नाही. तिच्याकडे काम करताना, तिच्याशी धंदा करताना माणसाला किती चिवट व्हावं लागतं ते बघा.

चिवटपणाची किंमत असते आणि ती शरीरातून वसूल होते, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. शर्मन जेम्स नावाचे एक ब्लॅक एपिडेमिओलॉजिस्ट आहेत. १९७८ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिनात एका निवृत्त शेतकऱ्याला भेटायला गेले. १९०७ चा जन्म, शिक्षण दुसरीपर्यंत, घरची अत्यंत गरिबी, आणि वाट्याने शेती कसायची ती अशी पद्धत की वर्षअखेरीला हिशोब मालकाच्या वहीत आणि कसणारा कायम देणेकरी. या माणसाने स्वतःच स्वतःला लिहावाचायला शिकवलं आणि चाळिशीपर्यंत ७५ एकर जमीन स्वतःच्या नावावर केली. कर्ज फेडायला ४० वर्षांची मुदत होती, याने दिवसरात्र राबून ५ वर्षांत फेडलं! आता ही गोष्ट कोणीही इथे थांबवेल आणि खाली लिहील की जिद्द असावी तर अशी. जेम्स थांबले नाहीत, कारण ते आजारांचा अभ्यास करणारे होते आणि समोर बसलेल्या माणसाला पन्नाशीतच हाय बीपी, संधिवात आणि इतका वाईट अल्सर झाला होता की पोटाचा मोठा भाग कापून काढावा लागला होता. ते बोलत बसले होते तेव्हा शेतकऱ्याच्या बायकोने त्याला आतून जेवायला हाक मारली, नावाने, आणि नाव होतं जॉन हेन्री.

अमेरिकेत जॉन हेन्री हे नाव कोणालाही माहीत असतं. लोककथेतला ब्लॅक कामगार, रेल्वेच्या बोगद्यासाठी घण मारून खडकात छिद्र पाडणारा, वाफेच्या मशीनशी पैज लावतो, जिंकतो, आणि हातात घण असतानाच मरून पडतो. जेम्सनी मग या सगळ्या प्रकाराला, म्हणजे साधनं हाताशी नसताना निव्वळ जोर लावून परिस्थितीवर मात करत राहायचं आणि शरीर झिजवायचं याला, जॉन हेन्रीइझम असं नाव दिलं. १९८३ मध्ये त्यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्याच ब्लॅक पुरुषांवरचा अभ्यास छापला, त्यात ज्यांची जिद्द जास्त आणि शिक्षण कमी त्यांचं बीपी जास्त निघालं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत निकाल सारखेच आले असं नाही, हेही सांगायला हवं. पण मूळ मुद्दा विचार करण्यासारखा आहे. जिद्द चांगलीच, पण जिद्दीच्या जोडीला पैसा, शिक्षण, ओळखी, चांगली नोकरी यातलं काहीतरी हवं, नाहीतर तीच जिद्द माणसाला आतून खाते. तरी कंपन्यांची रेझिलियन्स वर्कशॉप्स बघा, ध्यान करा, डायरी लिहा, खोल श्वास घ्या, म्हणजे घण कसा धरला की हात कमी दुखेल एवढंच शिकवायचं, मशीनशी पैज कोणी लावायला लावली तो विषयच काढायचा नाही.

इथे मला आपल्या लोकांबद्दल बोलायचंय, म्हणजे अमेरिकेत आलेल्या आपण मराठी, भारतीय लोकांबद्दल, कारण हा वाद निघाला की आपल्यातला कोणीतरी हमखास म्हणतो, आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, आम्हाला पण त्रास झाला, आम्ही नाही का वर आलो, मग यांना काय झालं? मीसुद्धा हे बोललेली आहे, पार्टीत, चारचौघांत. त्या दोन बॅगांत आपली डिग्री होती हे आपण विसरतो. आणि अमेरिकेचं दार आपल्यासाठी उघडलं तो इमिग्रेशनचा कायदा आला १९६५ मध्ये, त्याच्या आदल्या वर्षी वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारा सिव्हिल राइट्स ॲक्ट आणि त्याच वर्षी दोन महिने आधी ब्लॅक लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठीचा व्होटिंग राइट्स ॲक्ट. देशावरून माणसं निवडायचा कोटा अमेरिकेला लाजिरवाणा वाटायला लागला तो ब्लॅक लोकांनी रस्त्यावर मार खाऊन जे वातावरण तयार केलं त्यामुळेच. म्हणजे ज्यांच्या लढ्यामुळे आपण आत आलो त्यांनाच आपलं उदाहरण तोंडावर फेकून गप्प करायचं, आणि आपणही ते करू द्यायचं, ही गोष्ट मला आता सहन होत नाही.

शिवाय सुरुवातच सारखी नाही हे सिद्ध झालेलं आहे. २००४ मध्ये छापून आलेला एक प्रसिद्ध प्रयोग आहे, बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या दोन अर्थतज्ज्ञांनी केलेला. शिकागो आणि बॉस्टनमधल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी जवळजवळ ५००० खोटे रेझ्युमे पाठवले, त्यांवर कुठलं नाव जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, काहींवर एमिली, ग्रेग अशी गोरी वाटणारी नावं आणि काहींवर लकिशा, जमाल अशी ब्लॅक वाटणारी. गोऱ्या नावाला एक फोन यायला साधारण १० अर्ज लागले, ब्लॅक नावाला १५. आता लकिशाला सांगा की तू जास्त चिवट हो. ती होईलच की, पाच अर्ज जास्त करेल, वर्षानुवर्षं करत आलीच आहे! पण ते पाच अर्ज कोणाच्या टेबलावरून परत आले? कुठल्यातरी कंपनीच्या एचआरच्याच ना?

लोक म्हणतात बाजार रंग बघत नाही, पैसा बघतो. टल्साचा इतिहास वाचल्यावर हे वाक्य तोंडातून निघत नाही. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ग्रीनवुड नावाची ब्लॅक वस्ती होती, स्वतःची दुकानं, हॉटेलं, डॉक्टर, वकील, थिएटर, सगळं. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ३५ ब्लॉक जाळून टाकले, हजाराच्या वर घरं गेली, माणसं किती मेली याचा अंदाज ३०० पर्यंत जातो. लोकांनी इन्शुरन्सचे क्लेम केले तर कंपन्यांनी पॉलिसीतलं दंगलीचं कलम दाखवून पैसे नाकारले. त्यांच्याच घरांवर हल्ला झाला त्याला दंगल म्हटलं आणि दंगलीला कव्हर नाही म्हणून हात वर केले. वर नगरपालिकेने जळलेल्या जागी परत बांधायला लाकडी घरं चालणार नाहीत असा नियम आणला, म्हणजे गरिबाला बांधणं परवडूच नये. त्या दिवसांतला एक फोटो आहे, रेडक्रॉसचा तंबू, आत टेबल, टाइपरायटर, कायद्याची पुस्तकं, आणि बी. सी. फ्रँकलिन हे वकील आपल्या सहकाऱ्यांबरोबर बसलेत. ऑफिस जळालं म्हणून तंबूत ऑफिस थाटलं आणि तिथून केस लढून तो नियम रद्द करून घेतला. १९२५ मध्ये, फक्त चार वर्षांनी, ब्लॅक व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन त्याच टल्सात भरलं.

यापेक्षा जास्त चिवटपणा माणसाच्या अंगात असू शकतो असं मला वाटत नाही. मग काय झालं? तीसच्या दशकात कर्जासाठी शहरांचे नकाशे काढले गेले त्यात अशा वस्त्या लाल रंगात, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. बँका पाठ फिरवून बसल्या. साठ-सत्तरच्या दशकात सुधारणेच्या नावाखाली ग्रीनवुडच्या मधून हायवे काढला. आगीतून उठलेली वस्ती कर्जाविना आणि हायवेखाली संपली, आणि त्या दोन दिवसांतून वाचलेल्या शेवटच्या म्हाताऱ्या बायकांची भरपाईची केस ओक्लाहोमाच्या सुप्रीम कोर्टाने जून २०२४ मध्ये निकाली काढली, त्या वेळी त्यांचं वय शंभरच्या पुढे होतं. पैसे मिळाले नाहीत. तेव्हा कोणी मला म्हणालं की रेझिलियन्स असला की सगळं जमतं तर मी त्याला विचारेन, ग्रीनवुडच्या लोकांमध्ये नेमका कुठे कमी पडला?

याचा अर्थ माणसाच्या स्वतःच्या ताकदीला काही किंमत नाही असं मला म्हणायचं नाही. मॅडम सी. जे. वॉकर यांची गोष्ट सगळ्या मोटिव्हेशनल भाषणांत येते, पण अर्धीच येते. १८६७ चा जन्म, सातव्या वर्षी अनाथ, विसाव्या वर्षी विधवा, पदरात लहान मुलगी, लोकांचे कपडे धुऊन दिवसाला दीड डॉलरसुद्धा जेमतेम हातात यायचा. तिथून त्यांनी ब्लॅक बायकांच्या केसांसाठीच्या प्रॉडक्ट्सचा एवढा मोठा धंदा उभा केला, हे सांगितलं जातं. न सांगितलेला भाग असा की १९१७ मध्ये त्यांनी आपल्या सेल्स एजंट बायकांचं अधिवेशन फिलाडेल्फियात भरवलं आणि बक्षिसं दिली ती फक्त सर्वांत जास्त माल विकणाऱ्यांना नाही, समाजासाठी सर्वांत जास्त देणगी देणाऱ्यांनासुद्धा. आणि त्याच अधिवेशनातून या बायकांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार केली की ब्लॅक लोकांना झुंडीने मारण्याविरुद्ध कायदा करा. केसांच्या क्रीमची सेल्स मीटिंग होती ती! त्यांना धंदा आणि न्याय यांच्यात भिंत दिसतच नव्हती, कारण त्यांचं गिऱ्हाईक, त्यांच्या एजंट आणि झुंडीच्या हातात सापडणारी माणसं ही एकाच घरातली होती. १९१९ मध्ये मरायच्या थोडं आधी त्यांनी झुंडबळींविरुद्धच्या मोहिमेला ५००० डॉलर दिले.

आता आक्षेप येणार की हा सगळा खाजगी चांगुलपणा झाला, कंपनीचं काम नफा कमवायचं, समाज सुधारणं सरकारचं काम. मला हा आक्षेप अगदीच टाकाऊ वाटत नाही, कंपन्यांनी समाजसेवक असल्याचा आव आणू नये हे मलाही मान्य आहे. पण इथे नफ्यातून दान करा असं कोणी म्हणतच नाहीये. तुमचा माल, तुमचं कर्ज, तुमची पॉलिसी, तुमची भरती कोणाच्या जिवावर उठते ते बघा एवढंच म्हणणं आहे, आणि ते कंपनीचंच काम आहे, दुसरं कोण करणार?

पोलरॉइडचं उदाहरण घ्या, कॅमेऱ्यात लगेच फोटो निघायचा ती कंपनी. १९७० मध्ये तिथे कॅरोलिन हंटर नावाची तरुण ब्लॅक केमिस्ट होती. ती आणि तिचा सहकारी केन विल्यम्स जेवायला बाहेर निघाले तर ऑफिसच्या बोर्डावर त्यांना एक नमुन्याचं आयडी कार्ड लावलेलं दिसलं, ओळखीच्याच एका ब्लॅक सहकाऱ्याचा फोटो आणि खाली दक्षिण आफ्रिकेच्या खाणखात्याचं नाव. दोघं चक्रावले, आपली कंपनी तिथे काय करतेय? शोध घेतल्यावर कळलं की तिकडे ब्लॅक माणसाला जे पासबुक सतत जवळ बाळगावं लागायचं, ज्याच्यावाचून त्याला स्वतःच्या देशात फिरता यायचं नाही, त्यातल्या फोटोंसाठी आपल्याच कंपनीची सिस्टीम वापरली जातेय. त्यांनी पत्रकं लावली, पोलरॉइड ब्लॅक लोकांना ६० सेकंदांत कैद करते. कंपनीने मोठ्या जाहिराती दिल्या, सरकारला माल विकणार नाही म्हणाली, तिकडच्या कामगारांचे पगार आणि ट्रेनिंग सुधारायचा प्रयोग सुरू केला, पण तिथला डिस्ट्रिब्युटर तसाच ठेवला. आणि १९७१ मध्ये हंटरला नोकरीवरून काढलं. १९७७ मध्ये उघड झालं की तो डिस्ट्रिब्युटर गुपचूप सरकारला माल विकतच होता, तेव्हा कुठे कंपनी बाहेर पडली. सात वर्षं. त्या सात वर्षांत चिवट राहायचं काम कंपनीने कोणाकडे ढकललं होतं बघा, एक नोकरी गेलेली मुलगी आणि तिकडे पासबुक खिशात घेऊन फिरणारी लाखो माणसं.

त्याच १९७७ साली लिऑन सलिव्हन या पाद्र्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या अमेरिकन कंपन्यांसाठी नियमावली काढली, समान पगार, एकत्र कँटीन वगैरे. ते जनरल मोटर्सच्या बोर्डावर होते, म्हणजे आत बसून सांगत होते. शंभराच्या वर कंपन्यांनी सह्या केल्या. आणि १९८७ मध्ये खुद्द सलिव्हन म्हणाले की एवढ्याने अपार्थाइड, म्हणजे तिथली वंशभेदाची राजवट, हलली नाही, आता निघा इथून. स्वतः लिहिलेल्या नियमावलीबद्दल असं उघडपणे सांगायला धाडस लागतं, आजच्या कुठल्या सीईओकडून मी अजून ऐकलेलं नाही.

२०२० नंतर आलेल्या घोषणांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पाठिंबा म्हणून सोशल मीडियावर काळे चौकोन पोस्ट झाले, मदतीचे आकडे जाहीर झाले, डायव्हर्सिटी ऑफिसर नेमले गेले, आणि वारं फिरल्यावर २०२५ च्या सुरुवातीला टार्गेट या दुकानांच्या साखळीसारख्या कंपन्यांनी ते कार्यक्रम गुंडाळायला घेतले. पण मला जास्त लागली ती फिअरलेस फंडची केस. अटलांटामधला हा छोटा फंड ब्लॅक बायकांच्या धंद्यांना २०,००० डॉलरची ग्रँट द्यायचा, कारण व्हेंचर कॅपिटलचा, म्हणजे नव्या धंद्यांत गुंतवायचा, जो पैसा वाटला जातो त्यातला एक टक्कासुद्धा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. २०२३ मध्ये त्यांच्यावर केस झाली, की फक्त ब्लॅक बायकांना ग्रँट देणं हा बाकीच्यांवर वंशभेद आहे, आणि कायदा कुठला वापरला तर १८६६ चा, जो गुलामीतून सुटलेल्या ब्लॅक माणसांना करार करता यावेत म्हणून आणला होता. जून २०२४ मध्ये अपील कोर्टाने ग्रँट थांबवली, सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. एखादी बाई बँकेकडून नकार घेऊन, फंडांकडून नकार घेऊन तिथपर्यंत पोचली असेल, तिला आता कोणी सांगायचं की धीर सोडू नकोस?

म्हणून मला कंपन्यांकडून भाषणं नकोत, पाच-सहा साध्या गोष्टींचा हिशोब हवाय. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या अमेरिकेतल्या खाजगी कंपनीला दरवर्षी सरकारला एक तक्ता द्यावा लागतो, कुठल्या पातळीवर कुठल्या वंशाची किती माणसं आहेत त्याचा. तो लोकांसमोर मांडायची मात्र सक्ती नाही. मांडा. कोण किती वर्षं एकाच पोस्टवर अडकलंय ते त्याच्या शेजारी मांडा. एकाच कामाला कोणाला किती पगार ते बघा. छोट्या सप्लायरचं बिल किती दिवस अडकवून ठेवता ते बघा, कारण ज्याच्यामागे घरचा पैसा नाही तो तीन महिने थांबू शकत नाही, त्याचा धंदा तिथेच बसतो. ज्याने तक्रार केली तो वर्षाने कंपनीत आहे का ते बघा. आमच्या त्या मीटिंगला जो एक तास गेला त्यात यातलं निम्मं बघून झालं असतं, आणि तिच्या प्रमोशनचा कागद तर मॅनेजरच्या कॉम्प्युटरमध्येच होता.

बसमधल्या वंशभेदाविरुद्ध मॉन्टगोमेरी शहरातल्या ब्लॅक लोकांचा बसवर बहिष्कार १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस चालला, तो आठवताना मला बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सच्या बरोबरीने जॉर्जिया गिलमोर आठवते. ती स्वयंपाकीण होती. बहिष्कारातल्या लोकांसाठी गाड्या चालवायच्या तर पेट्रोलला पैसे हवेत, म्हणून तिने बायका जमवून चिकन, केक, पाय (pie) करून विकायला सुरुवात केली, आणि ग्रुपचं नाव ठेवलं क्लब फ्रॉम नोव्हेअर, म्हणजे पैसे कुठून आले विचारलं तर खरं सांगता यावं, कुठूनच नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर खटला झाला तेव्हा ती कोर्टात उभी राहून बोलली आणि तिची नोकरी गेली. किंगनी तिला चिवट राहा असं सांगितल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. त्यांनी सांगितलं की घरातच स्वतःचं सुरू कर, आणि भांडीकुंडी घ्यायला पैसे दिले.